तेरावा पॉइंट

बोरी बुद्रुकच्या स्टँडसमोर ती पांढरी गाडी येऊन उभी राहिली आणि पाच मिनिटांत तिच्यापुढं नऊ माणसांची रांग लागली. कुणी म्हणालं डोळे तपासायची गाडी आहे, कुणी म्हणालं रक्तदानाची आहे, आणि एक म्हातारबा तर खिशातलं आधार कार्ड काढून सगळ्यांच्या पुढं जाऊन थांबले. दार उघडलं. सत्तरीचे, गोल चेहऱ्याचे, पांढरा सदरा घातलेले एक गृहस्थ खाली उतरले आणि रांग बघून गोंधळले. उभा जन्म कापडाच्या दुकानात गेल्यामुळं समोर माणसं दिसली की हात जोडायची त्यांना सवय होती. त्यांनी हात जोडले, या, बसा म्हणाले, आणि माणसं खरोखरच आत जाऊन बसली.

इंद्रायणी हे सगळं आपल्या दुकानातून बघत होती. तिच्या मांडीवर एका विहिरीवरच्या मोटरीचा जळका गाभा होता आणि दोन्ही हातांत तांब्याची तार. जुन्नरच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गात ती एकटी मुलगी होती. त्याला आता वीस वर्षं झाली होती. लग्न होऊन बोरीत आल्यावर तिनं स्टँडजवळ हा गाळा घेतला. मोटरी भरणं, स्टार्टर दुरुस्त करणं, कुणाच्या गोठ्यात पंखा बसवणं, असली कामं. अजूनही नवं गिऱ्हाईक यायचं ते दारात उभं राहून विचारायचं, "वायरमन कुठं गेलेत?" आणि ती म्हणायची, "हितंच हाय. बोला."

गृहस्थांनीही तेच विचारलं आणि त्यांनाही तेच उत्तर मिळालं. पण ते ओशाळले नाहीत, उलट खूश झाले. म्हणाले, दुधाच्या टेम्पोला थंड करायची मशीन बसवून देणाऱ्या बाई त्या तुम्हीच ना, मग बरोबर आलो.

त्यांचं नाव पुनमचंद. घोडेगावच्या बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान. वडील राजस्थानातून आले तेव्हा पाठीवर गठ्ठा होता, पुनमचंद मोठे झाले तेव्हा दोन मजले होते, आणि आता गल्ल्यावर मुलगा पारस बसत होता. दुकान मुलाच्या हाती देऊन महिना झाला नाही तोच शेठनी ही गाडी आणली. कुणीतरी हौसेनं मिनीबसचं घर करून घेतलं होतं आणि दोन सहली करून विकून टाकलं होतं. आत दोन पलंग, ओटा, बेसिन, छोटा फ्रीज, छपरावर सोलरच्या पाट्या, सीटखाली दोन मोठ्या बॅटऱ्या आणि इन्व्हर्टर. सगळं होतं, पण सॉकेट दोनच. त्यातल्या एकात फ्रीजची पिन कायमची बसलेली.

"दोन सॉकेटमध्ये माणसानं जगायचं कसं?" शेठनी विचारलं.

घोडेगावातल्या दोन वायरमननी हात वर केले होते. घरात म्हणाल तिथं पॉइंट काढून देतो, म्हणाले, पण पळत्या गाडीत आमी न्हाई. एकानं तर सांगितलं, शेठ, एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि गप फिरा.

इंद्रायणीनं हातातली तार खाली ठेवली. आत बसलेल्या नऊ जणांना तिनं समजावून बाहेर काढलं. आधार कार्डवाले म्हातारबा जाताना फ्रीज उघडून बघून गेले. मग ती गुडघ्यांवर बसली, सीटखालची फळी काढली आणि आत डोकं घातलं. आतली वायर घरगुती होती, जाड एका तारेची. पत्र्याच्या भोकातून ती तशीच उघडी गेली होती आणि कडेला तिचं आवरण निम्मं कापलं गेलं होतं. पुढं आणखी शंभर किलोमीटर ही गाडी पळाली असती तर कुठंतरी ठिणगी पडली असती. डोकं बाहेर काढून तिनं शेठना ते दाखवलं. भिंतीत घातलेली वायर तिथंच म्हातारी होते, ती म्हणाली, गाडीतली मात्र रोज नाचते. तिला बारीक तारांची वळलेली वायर पाहिजे, पत्र्यातून जाताना रबराची कडी पाहिजे आणि बॅटरीपाशी तिचा स्वतःचा फ्यूज पाहिजे. आधीचं सगळं काढून नव्यानं करावं लागेल.

असलं काम तिनं आयुष्यात केलं नव्हतं आणि ते कुणाला द्यायचीही तिची इच्छा नव्हती.

"किती पॉइंट पायजेत?" तिनं विचारलं.

शेठनी सदऱ्याच्या खिशातून कागद काढला. सात, म्हणाले. त्यांचा मोबाईल, बायकोचा मोबाईल, मिक्सर, टेबलफॅन, रेडिओ, बीपीचं मशीन आणि एक असावा म्हणून. तेवढ्यात त्यांच्या फोनवर पुण्याहून नात बोलली. रीना कॉलेजात शिकत होती आणि सुट्टीत ह्याच गाडीतून आजोबांबरोबर जाणार होती. तिला लॅपटॉपला एक, कॅमेऱ्याला एक आणि केस वाळवायच्या मशीनला एक पाहिजे होता. दहा झाले. दुपारी पारसचा फोन आला, त्याला गाडीत वायफायचा डबा लावायचा होता. अकरा. संध्याकाळी शेठना स्वतःलाच आठवलं की दाढीच्या मशीनचा पॉइंट आरशाजवळ पाहिजे. इंद्रायणीनं बारा आकडा लिहिला, त्याला गोल केला आणि सांगितलं, "शेठ, आता फोन बंद ठेवा. न्हायतर गाडीला भिंतच उरायची न्हाई."

शेठ रसवंतीवर गेले तेव्हा त्यांच्या पत्नी कस्तुरबाई गाडीतून उतरून दुकानात आल्या. इतका वेळ त्या पुढच्या सीटवर पदर सावरून गप्प बसल्या होत्या. लहानखुऱ्या, नाकात चमकी, चष्म्यामागं डोळे भारी चलाख. त्यांनी आधी रसवंतीकडं बघून घेतलं आणि मग इंद्रायणीच्या कानाशी आल्या.

त्यांचं म्हणणं असं होतं की दोघंही सूर्य मावळायच्या आत जेवतात, मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाहीत. शेठनी फर्मान काढलं होतं की प्रवासात खाकरे आणि फळं खायची, गाडीत शेगडी-बिगडी नको, बॅटरी जाईल. "पन्नास वर्षं ह्यांच्या पानात गरम वाढलं," कस्तुरबाई म्हणाल्या, "आणि पहिल्यांदा फिरायला निघाले तर मी खाकरे चघळू? तू मला एक पॉइंट दे. इंडक्शन मी आणते. पण तो कागदावर घेऊ नको."

इंद्रायणीनं हिशोब केला. इंडक्शन म्हणजे इन्व्हर्टरचा जवळजवळ सगळा जीव. ते चालू असताना दुसरं काही मोठं चालणार नाही. हे तिनं कस्तुरबाईंना दोनदा सांगितलं आणि त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली. मागच्या पलंगाखाली, चादर लोंबते तिथं, तेरावा पॉइंट ठरला.

आठ दिवस गाडी बोरीत राहिली. इंद्रायणी पहाटे गोठ्याचं उरकून यायची आणि आत शिरायची. आडवी होऊन, उलटी होऊन, एकदा तर बेसिनखाली अशी अडकली की नवऱ्याला पाय धरून ओढावं लागलं. सयाजी शांत माणूस. काढलेल्या कांद्याची अरण रचता रचता तो येऊन बायकोला चहा द्यायचा आणि पाच मिनिटं शेठच्या पलंगावर आडवा व्हायचा. गावातल्या बायका पाण्याला जाता-येता डोकावायच्या, ओट्यावर हात फिरवायच्या, आणि प्रत्येकीला एकदा तरी आत बसून दार लावून बघायचं असायचं. तिच्या मैत्रिणीनं, प्रतिभानं, तर आत बसून डाळ निवडली. म्हणाली, घरात एवढी शांतता कधी मिळायची?

नवव्या दिवशी शेठ आले. इंद्रायणीनं इन्व्हर्टर लावला आणि बाराही सॉकेटांत एकदम दिवे लावले. तेराव्यात लावला नाही, पण मनात तोही पेटला. मग तिनं शेठना शाळेजवळच्या गतिरोधकांवरून गाडी तीनदा आदळत न्यायला लावली आणि स्वतः फ्यूजच्या डब्यावर हात ठेवून बसली. ओट्यावरचा तांब्या पडला, शेठची टोपी पडली, दिवा एकही मिणमिणला नाही. इंद्रायणीला हसू फुटलं. ते आवरेना. शेठही हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी चौथी फेरी मारली, जिची काही गरज नव्हती.

पहिली सहल आहुप्याला ठरली होती. तिथल्या ठमाबाई चाळीस वर्षं शेठच्या दुकानात येत. घरातल्या प्रत्येक लग्नाचा बस्ता त्यांनी तिथंच बांधला होता, आणि दर वेळी जाताना त्या म्हणत, शेठ, लग्नाला या. शेठ दर वेळी हो म्हणत आणि दुकानामुळं कधी गेले नव्हते. आता ठमाबाईंच्या नातीचं, अश्विनीचं, लग्न होतं. ह्या वेळी शेठकडं दुकान नव्हतं आणि गाडी होती. इंद्रायणीनंही यावं, असा त्यांनी हट्टच धरला. डोंगरात काही बंद पडलं तर मी कुणाला हाक मारू, म्हणाले. माहेर सोडून इंद्रायणी कुठं मुक्कामाला गेली नव्हती. तिनं सयाजीकडं बघितलं. सयाजी म्हणाला, गाई मी बघतो, तू जा, आणि आल्यावर मला सगळं सांग.

घोडेगाव मागं टाकून गाडी डिंभ्याच्या कडेनं चढायला लागली. उन्हाळ्यानं धरणाचं पाणी खाली गेलं होतं, तरी वळणावळणाला निळं दिसत होतं. शेठ ताशी दहानं चालवत होते. मागून आलेली एक बैलगाडीसुद्धा दोन वळणं त्यांच्या बरोबरीनं चालली. कस्तुरबाई प्रत्येक वाडी आली की नाव विचारायच्या आणि पुढची येईपर्यंत विसरायच्या. मागच्या पलंगावर इंद्रायणी बसली होती, भिंतीला कान लावून. आतून कुठलाच आवाज येत नव्हता. आपण काढलेली वायर आपल्याला घेऊन डोंगर चढतीय, ह्या विचारानं तिला इतकं भरून आलं की तिनं खिडकीतून एका अनोळखी गुराख्याला हात केला. त्यानंही केला.

दुपारी दोनच्या सुमाराला आहुपं आलं. देवराईच्या अलीकडं मोकळ्या जागेत मांडव घातलेला होता, पण मांडवात कळा नव्हती. परवाच्या वळवाच्या वाऱ्यानं खाली दोन विजेचे खांब आडवे झाले होते आणि गावात तेव्हापासून वीज नव्हती. लग्नाची तिथी दाट, त्यामुळं तालुक्यातले जनरेटर सगळे आधीच गेलेले. ठमाबाई गाडीजवळ आल्या. पंचाहत्तरीची ताठ बाई, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. शेठना बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि लगेच त्या रागावल्या, "चाळीस सालांनी आला, आन् गावात लाईट न्हाई तवा आला."

शेठनी इंद्रायणीकडं बघितलं. इंद्रायणीनं गाडीच्या छपराकडं बघितलं. वर लख्ख ऊन होतं, पाट्या तापल्या होत्या, बॅटऱ्या काठोकाठ भरल्या होत्या.

"काय काय लावायचंय?" तिनं विचारलं.

पहिल्यांदा भटजी आले. त्यांच्या मंगलाष्टका फोनमध्ये होत्या आणि फोनमध्ये चार टक्के होते. त्यांना बीपीच्या मशीनचा पॉइंट मिळाला. मग नवऱ्या मुलीची मावशी शालू आणि इस्त्री घेऊन आली. तिच्यामागं न्हावी, कारण वऱ्हाडातल्या अकरा जणांच्या दाढ्या व्हायच्या होत्या आणि त्याचं मशीन मेलं होतं. तो आरशाजवळच्या पॉइंटला उभा राहिला आणि म्हणाला, असं दुकान माझं घोडेगावात असतं तर. स्वयंपाकाकडच्या बायका वाटणाचे डबे घेऊन आल्या आणि ओट्यावर मिक्सर घरघरायला लागला. मग फोन यायला लागले, आधी पाच, मग पंधरा, मग एका टोपलीत भरून, प्रत्येकाला नाव लिहिलेला कागद रबरानं बांधलेला. माईकवाला सावळेराम सगळ्यांत शेवटी आला, कारण तो भिडस्त होता. सकाळपासून तो बंद स्पीकरशेजारी बसून लोकांची तोंडं बघत होता. त्यानं हळूच विचारलं, "ताई, माझं ॲम्प्लिफायर चालंल का?"

"चालंल. पर इस्त्री झाल्यावर."

इंद्रायणी दाराच्या पायरीवर बसली. हातात पेन, मांडीवर बाराच्या यादीचा कागद. मिक्सर चालू असेल तेव्हा इस्त्री नाही, इस्त्री चालू असेल तेव्हा माईक नाही, फोन कधीही. एकदा मिक्सरवाली आणि इस्त्रीवाली ह्यांच्यात कुणाचं आधी यावरून बोलाचाली झाली. इंद्रायणीनं उठून दोन्ही पिना काढून हातात धरल्या. दोघींनाही हसू आलं. चार वाजेपर्यंत तिला गावात सगळे ओळखायला लागले होते. वायरमनताई, वायरमनताई, अशी चारी बाजूंनी हाक येत होती, आणि वायरमन कुठंय असं एकानंही विचारलं नव्हतं. शेठ दारात येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून या, बसा म्हणत होते. बसायला तिथं बोटभर जागा नव्हती.

पाचला सावळेरामचा स्पीकर बोलला. पहिला आवाज आला तो नुसता खरखरीचा, पण सगळ्या गावानं माना वर केल्या आणि मांडवात शिट्ट्या झाल्या. नवरदेव गोरख जुन्नर तालुक्यातल्या आपल्या गावाहून वऱ्हाड घेऊन आला, पारावर उतरला, आणि स्पीकरमधलं गाणं ऐकून त्याचे मित्र तिथूनच नाचत निघाले. दोन फर्लांगाला त्यांनी पाऊण तास लावला. शेठना त्यांनी मध्ये ओढलं. आयुष्यभर मुंडीनं गिऱ्हाईकाला होकार देण्यापलीकडं ज्यांनी अंग हलवलं नव्हतं ते पुनमचंद शेठ दोन्ही हात वर करून नाचले. कस्तुरबाईंनी ते बघितलं, चष्मा पुसला आणि परत बघितलं.

मुहूर्त गोरजाचा होता. साडेसहा झाले. सूर्य कोकणकड्याच्या बाजूला झुकला, गाडीच्याच विजेवर मांडवातले दोन हॅलोजन लागले, अंतरपाट धरला गेला. भटजींनी शंभर टक्के भरलेला फोन डोळ्यांपुढं धरून पहिली मंगलाष्टक म्हटली. शुभमंगल सावधान झालं, अक्षता पडल्या. इंद्रायणी मांडवाच्या खांबाला टेकून उभी होती. दुपारपासून पहिल्यांदाच तिचे हात रिकामे होते.

दुसऱ्या मंगलाष्टकेच्या तिसऱ्या ओळीला माईक गेला. हॅलोजन गेले. भटजींचे ओठ हलत राहिले आणि त्यांचा बारीक आवाज पहिल्या रांगेपलीकडं पोचेना. मांडवात कुजबूज झाली. सावळेरामचा चेहरा पडला. त्यानं बटणं दाबून बघितली, मग इंद्रायणीकडं बघितलं, आणि इंद्रायणी गाडीकडं पळत सुटली.

दार ओढून ती आत शिरली. गाडीत तुपाचा आणि जिऱ्याचा वास भरला होता. मागच्या पलंगाची चादर वर खोचलेली होती आणि जमिनीवर मांडी घालून कस्तुरबाई बसल्या होत्या, पुढ्यात इंडक्शन, त्यावर मुगाच्या खिचडीचं पातेलं. त्यांनी मान वर केली. मास्तरांनी चिंचा खाताना पकडावं तशा त्या बघत होत्या.

"मला वाटलं, नुसता माईक तर आहे," त्या म्हणाल्या. "सूर्य अजून आहे गं. दहा मिनिटं दे."

इंद्रायणीनं खिडकीतून बघितलं. सूर्य डोंगराच्या धारेवर दोन बोटं उरला होता. इन्व्हर्टर तिच्या पायाशी लाल दिवा दाखवत बंद पडला होता. एका बाजूला चारशे माणसांचं लग्न, दुसऱ्या बाजूला पन्नास वर्षं सगळ्यांना वाढून मग जेवलेली बाई. दोन्ही एकदम चालणार नव्हतं, हे तिनं दोनदा सांगितलेलं होतं. तिला रागवायचं होतं, पण खिचडीनं बुडबुडा सोडला आणि राग कुठल्या कुठं गेला.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. ठमाबाईंचा. फोनकडं न बघता, माईकशिवाय, त्यांनी मंगलाष्टक उचलली होती. चढणीवर एकमेकींना हाका मारायची सवय असलेला तो गळा. तो मांडवातून निघाला आणि थेट देवराईपर्यंत गेला. दुसऱ्या ओळीला त्यांच्या जावा मिसळल्या. तिसरीला सगळ्या बायका. सावधान म्हणायची वेळ आली तेव्हा चारशे माणसं एकदम ओरडली आणि गाडीच्या काचा थरथरल्या.

इंद्रायणीनं सावळेरामच्या ॲम्प्लिफायरची पिन काढली, हॅलोजनची काढली, इन्व्हर्टर पुन्हा चालू केला. इंडक्शनवर आकडा उजळला.

"घ्या करून," ती म्हणाली, आणि कस्तुरबाईंसमोर जमिनीवरच बसली. दोघी एकमेकींकडं बघून हसायला लागल्या. आधी तोंडावर पदर धरून, मग पोट धरून. कस्तुरबाईंचा चष्मा वाफेनं पांढरा झाला होता आणि तो पुसायला त्यांना हात सापडत नव्हता.

दारात शेठ उभे होते. नाचून घामाघूम, मुठीत अक्षता. त्यांनी पातेलं बघितलं, इंडक्शन बघितलं, आणि पलंगाखालचा सॉकेट बघितला. मग त्यांनी भिंतीवरचे सॉकेट बोटानं मोजायला सुरुवात केली. बारा मोजून झाल्यावर बोट पलंगाखाली आलं आणि तिथंच थांबलं.

"हा कुठला?" त्यांनी विचारलं.

"माझा," कस्तुरबाई म्हणाल्या, आणि ताटली भरून त्यांच्यापुढं केली.

बाहेर तिसरी मंगलाष्टक चालू होती. सूर्य एक बोट राहिला होता. शेठना बोलायचं बरंच होतं, पण तेवढा वेळ नव्हता. ते खिडकीपाशी गेले, उजव्या हातानं खिचडी खायला लागले आणि प्रत्येक सावधानला डाव्या हातानं खिडकीतून अक्षता टाकायला लागले. त्या मांडवापर्यंत पोचत नव्हत्या, बाहेर उभ्या असलेल्या एका वासरावर पडत होत्या. दुसऱ्यांदा वाढून घेताना त्यांनी एवढंच विचारलं की लोणचं आणलं आहेस का. आणलेलं होतं.

शेवटच्या मंगलाष्टकेला माईक परत आला, पण तो कुणालाच नको होता. सावळेरामनं तो ठमाबाईंपुढं धरला तर त्यांनी हातानं बाजूला केला आणि तशाच म्हणत राहिल्या. हार घातले गेले, वाजंत्री सुरू झाली, हॅलोजन उजळले. सावळेरामनं मग रात्रीच्या पंगती उठेपर्यंत गाणी लावली आणि इंद्रायणीच्या नावानं दोन.

सकाळी पाठवणीची वेळ झाली. अश्विनी सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली, आजीच्या गळ्यात दोनदा पडली, आणि डोळे पुसून फुलं लावलेल्या जीपकडं जायच्या ऐवजी गाडीपाशी येऊन उभी राहिली.

"आज्जी, मला ह्याच्यातनं जायचंय," ती म्हणाली.

ठमाबाईंनी शेठकडं बघितलं. शेठना नाही म्हणायचं माहीतच नव्हतं. पण रात्री उशिरापर्यंत मांडवात गाणी चालली होती, शेठ तिथंच खुर्चीवर बसून राहिले होते आणि त्यांचे डोळे लाल झाले होते. घाटात माझ्यानं चालवणार नाही, ते म्हणाले. किल्ली त्यांनी हातात फिरवली आणि इंद्रायणीपुढं धरली. इंद्रायणी घरच्या कांद्याचा पिकअप नारायणगावच्या बाजारात नेत होती, लायसन तिच्याकडं होतं, पण तिनं कधी घर चालवलं नव्हतं. त्यात नवरा-नवरी बसलेलं तर नाहीच.

तिनं पदर खोचला आणि चढून बसली. शेजारी कस्तुरबाई. मागच्या एका पलंगावर शेठ आडवे झाले ते बोलता बोलता झोपले. दुसऱ्यावर अश्विनी आणि गोरख, दोघांच्या मुंडावळ्या अजून तशाच. गोरख वर न बघता उठला आणि त्याचं डोकं कपाटावर आपटलं. गाव वेशीपर्यंत चालत आलं. सावळेराम स्पीकर डोक्यावर घेऊन आला होता, तो उगीचच, कारण त्यात गाणं नव्हतं.

उतारावर गाडी अलगद चालली. कस्तुरबाई वाड्यांची नावं विचारत होत्या, आता अश्विनी एकेक सांगत होती, आणि प्रत्येक वाडीत तिची कुणीतरी मावशी, आत्या नाहीतर शाळेतली मैत्रीण निघत होती. प्रत्येकीपाशी इंद्रायणीला हॉर्न वाजवावा लागत होता. पाचव्या वाडीनंतर तिला त्याची अशी चटक लागली की मावशी नसली तरी ती वाजवायला लागली.

डिंभ्याच्या वरच्या अरुंद वळणावर समोरून आहुप्याची एसटी आली. दोन गाड्या मावायला जागा नव्हती. एसटीच्या ड्रायव्हरनं हात बाहेर काढून मागं घ्या अशी खूण केली. इंद्रायणीनं ब्रेक दाबला आणि आरशात बघितलं. मागं चढ, बाजूला दरी. तिनं गाडी तिथंच ठेवली, खिडकी खाली केली आणि फक्त मागं बोट केलं. ड्रायव्हरनं वाकून बघितलं. मागच्या खिडकीत हिरव्या चुड्याचे हात, मुंडावळ्या, आणि त्यांच्या शेजारी तोंड उघडं टाकून घोरणारे शेठ. त्यानं कपाळाला हात लावला, कंडक्टरला खाली उतरवलं, आणि कंडक्टरची शिट्टी ऐकत ऐकत ती अख्खी एसटी मागं, मागं, सव्वाशे फूट मागं नेली. आतल्या उतारूंनी खिडक्यांतून टाळ्या वाजवल्या.

इंद्रायणीनं पहिला गिअर टाकला. एसटीच्या शेजारून जाताना ड्रायव्हरनं विचारलं, "ताई, गाडी कुणाची?"

"नवरीची," ती म्हणाली, आणि सबंध घाटभर ऐकू जाईल इतका लांब हॉर्न दिला.